म्हाताऱ्यांच्या गाडीचं तोंड गोड

महादेवीबाईंची दुखणी दोनच. एक गुडघे, दुसरं अक्का. गुडघे उंबरवाडीत होते आणि अक्का सोनपेठला होती. गुडघ्यांपायी अक्काची भेट नव्हती आणि अक्काच्या आठवणीनं गुडघे जास्तच ठणकायचे, असा तो गुंता होता.

उंबरवाडीहून सोनपेठ म्हणजे काही काशी नाही. एस्टी फाट्यावर थांबते, तासाभरात नेऊन सोडते. पण फाट्यापर्यंत चालायचं कुणी? आणि एस्टीची ती पायरी चढायची कुणी? मागच्या खेपेला वरून कंडक्टरनं दंड धरला, खालून शेजारच्या नर्मदाबाईनं रेटा दिला, आणि सोयाबीनचं पोतं ट्रॅक्टरवर चढवावं तशा महादेवीबाई वर गेल्या. आतल्या पोरीबाळी तोंडाला पदर-ओढण्या लावून हसल्या. उतरताना महादेवीबाईंनी एस्टीला हात जोडले ते कायमचेच.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण महेश्वरी. ऐंशीच्या पल्याड गेलेली, पण जीभ अजून शाबूत. दोघी मोबाईलवर एकमेकींचं तोंड बघायच्या म्हणे. अक्काला मोबाईल सरळ धरता येईना, त्यामुळं इकडं तिचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखाच दिसायचा.

"तुज्या पंख्याला बगून बगून कटाळा आला बग," महादेवीबाई म्हणायच्या.

"मग ये की! मी मेल्यावर येणार हायस का? तवा मी एक शबुद बोलणार न्हाई, आत्ताच सांगून ठेवते."

असं चाललं असताना परभणीच्या एका संस्थेनं म्हाताऱ्या माणसांसाठी विजेवरची लहान बस काढली. सकाळी गावातून निघायचं, सोनपेठला दवाखाना, बँक, बाजार, कुणाचं काय असेल ते उरकायचं आणि दिवस मावळायच्या आत माघारी. रात्री ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या डब्याला वायर लावून गाडीनं वीज प्यायची. महिनाभर चालवून बघणार होते. जमलं तर गाडी उंबरवाडीची, नाही तर शेजारच्या गावाची. आणि शेजारचं गाव मांजरासारखं टपूनच बसलं होतं.

महादेवीबाईंनी पहिल्याच दिवशी नाव दिलं. पारावर मात्र सिद्रामप्पा बसले होते. हे महादेवीबाईंचे चुलत दीर. गावात किराणा दुकान, कपाळावर विभूती आणि नाकाखाली विळ्यासारखी मिशी.

"बॅटरीवर रेडू चालतो," ते म्हणाले, "बस चालती व्हय कुठं? ही गाडी सोनपेठ गाठून माघारी आली ना, तर मी ही मिशी काढून महादेवाम्होरं ठेवीन."

"महादेव काय करील तुमच्या मिशीचं, भाऊजी?" महादेवीबाई म्हणाल्या. "त्याला सोताच्याच जटा आवरंनात."

रविवारी दुपारी गाडी आली. सगळं गाव रस्त्याकडं कान लावून बसलेलं, कारण गाडी आली की आवाज येणार हे ज्याला त्याला ठाऊक. आवाज काही आला नाही. पाठीमागून कुणीतरी "सरका ओ काका" म्हणालं तेव्हा लोकांनी वळून पाहिलं, तर गाडी पाराला येऊन टेकलेली! चालवणारी मंजुषा नावाची पोरगी, खाकी शर्ट घातलेली. तिनं एक बटण दाबलं. बैलानं जू घ्यायला मान खाली घालावी, तशी गाडी दाराच्या बाजूनं खाली झुकली.

महादेवीबाई पुढं झाल्या. कुणाचा हात नाही, खालून रेटा नाही. ओटा चढावा तशा आत गेल्या आणि सीटवर बसल्या. मग उतरल्या. मग परत चढल्या.

"आजी, गाडी उद्या निघणार हाय," मंजुषा म्हणाली.

"ठाऊक हाय ग माय. गुडघ्यास्नी दावायलेय." एवढं बोलून त्यांनी डोळ्याला पदर लावला.

सरपंच बन्सीधरनं नारळ फोडला. लिंबू-मिरची बांधली. मंजुषानं गाडीच्या नाकाडावरचं झाकण उघडून वायर कुठं लावतात ते सगळ्यांना दाखवलं, आणि ती सरपंचाच्या घरी जेवायला गेली. माणसं पांगली.

महादेवीबाईंना दुसऱ्याची चूक लांबून दिसायची. आताही दिसली. नारळ झाला, लिंबू झालं, पण तोंड कुठं गोड केलं? त्यांच्या घरचा रिवाज पिढ्यान्‌पिढ्यांचा. नवा बैल दारी आला की पायावर पाणी, कपाळाला विभूती आणि तोंडात गुळाचा खडा. त्याशिवाय जनावर दारात रुळत नाही. ट्रॅक्टर आला तेव्हाही हेच करायचं होतं, पण तो खातो कुठून ते कुणाला सांगता आलं नाही. ह्या गाडीनं तर आपण होऊन दाखवलं होतं.

त्या घरून विभूती घेऊन आल्या. गूळ चिकटेल म्हणून गुळाऐवजी साखर आणली. एवढी अक्कल त्यांना होती. इकडंतिकडं बघितलं, झाकण उघडलं, गाडीच्या कपाळावर तीन बोटं ओढली, बोटाला राहिलेली विभूती आणि चिमूट दोन चिमूट साखर भोकांत सोडली. "खा माय, न् सुखाची ने मला," म्हणाल्या आणि झाकण लावून घरी गेल्या. उद्या येते म्हणून अक्काला फोन केला, गाडी कुठून खाते तेही सांगितलं. किती तरी दिवसांनी त्यांना पोटभर जेवण गेलं.

दिवस मावळता पाराशेजारच्या ग्रामपंचायतीपुढं गलका झाला. महादेवीबाई पोचल्या तेव्हा मंजुषा गाडीच्या नाकाशी वाकून मोबाईलचा उजेड पाडत होती. वायर नीट बसत नव्हती आणि डब्यावर तांबडा दिवा लुकलुकत होता.

"कुणीतरी आत राख घातलीय," ती म्हणाली. मग तिनं वायर बाजूला ठेवली, काडीनं उकरून चार कण तळहातावर घेतले. उजेडात ते लखलखले. "न् काच! काचेचा चुरा घातलाय ओ!"

तिनं संस्थेच्या साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "सकाळी टोचन करून आणतो. ज्या गावात गाडीत काच घालतात तिथं गाडी ठेवायची नाही."

गावानं एकदम मान वळवली ती सिद्रामप्पांकडं.

"आप्पा," बन्सीधर म्हणाला, "मिशी वाचवायला एवढं करावं?"

"मी?" सिद्रामप्पा उठून उभे राहिले. "मी बोललो आसंल. तोंडानं बोललो. पर हात न्हाई लावला."

"मग भुतानं घातली?"

सिद्रामप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवला. "ह्याची आण घेऊन सांगतो," ते म्हणाले.

मागं उभ्या महादेवीबाई हे सगळं बघत होत्या. गप बसावं तर दीर चोर ठरतो आणि गाडी शेजारच्या गावाला जाते. बोलावं तर गाव मरेपर्यंत हसणार, आणि गाडीत काच घालणारी म्हातारी म्हणून पहिलं नाव आपलंच खोडणार. अक्काचा पंखा डोळ्यापुढं गरगर फिरला. पण माणसानं इष्टलिंगावर हात ठेवायची पाळी आली, ती आपल्या साखरेपायी?

"सरका," त्या म्हणाल्या. मंजुषाच्या तळहातावरचे लखलखते कण त्यांनी चिमटीत उचलले आणि तोंडात टाकले.

"आजी! काच हाय ती!"

"थूक, महादेवे, थूक!" नर्मदाबाई ओरडली.

महादेवीबाईंनी दोन दातांवर कण करकर चावले आणि गिळले. "साखर हाय," त्या म्हणाल्या. "राख न्हाई, विभूती हाय ती. मीच घातली. भाऊजींच्या दुकानातली साखर हाय, म्हणून काचंवानी दिसायलीय."

"गाडीला साखर कशाला ग माय?" बन्सीधरनं विचारलं.

"तुमी नारळ फोडून मोकळे झालात. तोंड कुणी गोड केलं? बैलाला करतो का न्हाई? हिनं तर मला बिनरेट्याची वर घेतली. बैलापरीस हिचे उपकार कमी हायेत का?"

पहिली नर्मदाबाई हसली. मग सगळा पार हसला. मंजुषानं तोंड फिरवून घेतलं, पण तिचे खांदे हलत होते. सिद्रामप्पा तेवढे हसले नाहीत. ते खाली बसले आणि त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

मंजुषानं मेकॅनिकला फोन केला. त्यानं सांगितलं, वीज बंद ठेवा, पाणी लावू नका, कोरडंच साफ करा.

"मी फुंकणी आणते," महादेवीबाई म्हणाल्या. "जलमभर चूल फुंकलीय."

"नको आजी! तोंडाची वाफ आत जाईल." मंजुषानं त्यांचा हातच धरला. "तुमी आता फकस्त उभ्या ऱ्हावा."

तेवढ्यात सिद्रामप्पा उठून गेले आणि सायकलचा पंप घेऊन आले. कुणाशी न बोलता गाडीपुढं उभे राहून भस्सभस्स हवा मारू लागले. मंजुषा कोरड्या ब्रशानं उकरत होती. साखर उडून सिद्रामप्पांच्या मिशीत बसली.

"भाऊजी, तोंड गोड झालं तुमचं," महादेवीबाई हळूच म्हणाल्या.

"वैनी, गप ऱ्हावा. आण घ्याया लावली तुमी मला." पण पंप काही थांबला नाही.

मेकॅनिक मोबाईलवर आतली भोकं बघून "हां" म्हणाला, तेव्हा मंजुषानं वायर लावली. डबा थोडा वेळ विचारात पडला. मग हिरवा दिवा लागला. पोरीनं साहेबांना फोन केला.

"काच नव्हती साहेब. निवद होता."

मग साहेब म्हणाले, "अजून कुणाला नैवेद्य दाखवायचा राहिलाय का, विचारून घे. आणि त्या झाकणाला कुलूप लाव."

सोमवारी सकाळी पूजा आटोपून महादेवीबाई सगळ्यांच्या आधी गाडीत. खिडकीशी बसून त्यांनी फाटा मागं जाताना पाहिला. शेवटच्या सीटवर सिद्रामप्पाही होते. "गाडीवर नजर ठेवाया आलोय," म्हणाले. गाडीनं आवाज केला नाही, त्यामुळं सगळ्या म्हाताऱ्यांचा आवाज ऐकू आला, आणि तो एस्टीपेक्षा जास्त होता.

सोनपेठला दवाखान्यापुढं अक्का उभी होती. सुनेचा आधार, हातात ताट. ताटात निरांजन, विभूती आणि वाटीभर साखर. गाडी थांबली तशी अक्का थेट गाडीच्या नाकाकडं निघाली आणि झाकण चाचपायला लागली.

महादेवीबाईंना गुडघ्यांची शुद्ध राहिली नाही. त्या एकट्याच्या एकट्या उतरल्या, लगबगीनं गेल्या आणि अक्काचं मनगट पकडलं.

"अक्के! थांब!"

"इतक्या वर्सांनी भेटायलीस, न् आल्या आल्या हात धरायलीस व्हय ग?" अक्का म्हणाली. "आपल्या घरचा रिवाज इसरलीस?"

"इसरले न्हाई ग. आपल्याच रिवाजानं काल समदं गाव पारावर गोळा केलं. हिला देऊ नगस. डायवर पोरीला दे."

अक्कानं मंजुषाच्या तोंडात साखर घातली. राहिली ती धाकटीच्या तोंडात कोंबली, आणि मग दोघी रस्त्यातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. अक्काचं कपाळ सगळंच्या सगळं दिसत होतं, आणि वर पंखा नव्हता.

डोळे पुसून झाल्यावर महादेवीबाई गाडीकडं वळल्या. "भाऊजी, सोनपेठ आलं! हितं वस्तरा चांगला मिळतो म्हणे."

सिद्रामप्पांनी मिशीवर हात ठेवला. "माघारी आली तर, आसं बोललो होतो वैनी," ते म्हणाले. "आजून माघारी जायची हाय." आणि त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली.