अण्णांचा शेवटचा आजार आणि दाजींची ड्यूटी

“पॅन्क्रियाज,” डॉक्टर म्हणाले, आणि मला वाटलं, एखाद्या गोळीचं नाव असेल. म्हटलं, लिहून द्या, आत्ता आणतो.

डॉक्टरांनी चष्मा काढला. पॅन्क्रियाज म्हणजे स्वादुपिंड, जठराच्या मागची ग्रंथी. अण्णांच्या त्या ग्रंथीत कॅन्सर होता आणि तो यकृतापर्यंत गेला होता. पाठ दुखते म्हणून आम्ही उन्हाळाभर तेल चोळत बसलो होतो. वजन उतरलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, बरं झालं, पोट कमी झालं. डोळे पिवळे दिसायला लागले तेव्हा कुठे परभणी गाठली.

अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, शांतपणे म्हणाले, “बरं होत न्हाई ना, साहेब? मग तसं सांगा. मी दुकानदार हाय, भाव ऐकून पळून जात न्हाई.”

पण डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत आमचे दाजी उभे राहिले. दाजी म्हणजे आमच्या अक्काचे यजमान. परभणीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि आवाज असा की स्टेशनवर भोंगा बिघडला तर त्यांना उभं करावं. “कुठं न्यायचं तेवढं बोला! आमी मागं हटणार न्हाई!”

मागं हटायचं नव्हतं, त्यामुळे अण्णांना जिंतूरच्या घरी न नेता एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नाव सांगत नाही. तिथे जे घडलं त्याचा सूड मी घेतला. तो कसा, हे सांगायलाच हे लिहायला बसलो आहे. तुमच्या घरात असा आजार आला तर माझा सूड तुमच्याही कामाला येईल.

आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात घास. ते अंगावरून उतरवायचं नसतं, आणि ते अंगावर नसेल तर अण्णांच्या पिढीचा माणूस जेवत नाही.

सीटी स्कॅनच्या वेळी, म्हणजे शरीराच्या आतले आडवे फोटो काढतात त्या तपासणीच्या वेळी, तिथल्या माणसाने डबी उतरवून दाजींच्या हातात दिली. नंतर अण्णांना आयसीयूत ठेवलं. आत एकाच नातेवाइकाला सोडत. तो एक म्हणजे अर्थातच दाजी.

अण्णांनी जेवण बंद केलं. औषधांच्या गुंगीत शब्द फुटत नव्हता, म्हणून ते बोटाने छाती दाखवत. छातीत दुखतंय, असं दाजींनी जाहीर केलं. ईसीजी निघाला. मग अण्णांनी गळा दाखवला. गळ्याचे डॉक्टर टॉर्च घेऊन आले. तेवढं करूनही पेशंट अन्न नाकारतोय म्हटल्यावर नाकातून पोटात नळी घातली. राइल्स ट्यूब म्हणतात तिला. तिच्यातून पातळ जेवण सोडतात.

शेवटी दाजींना चहाची तल्लफ आली आणि मला आत जायला मिळालं. अण्णांचं बोट गळ्याकडे गेलं. मी बघितलं, गळा मोकळा.

बाहेर येऊन विचारलं, “दाजी, अण्णांचं लिंग कुठाय?”

दाजींनी बॅगची चेन उघडली. मोबाइलचा चार्जर आणि चिवड्याची पुडी यांच्यामध्ये ते होतं. “चांदी हाय, चोरीला गेलं असतं. मी जपून ठेवलं की!”

हा माणूस स्वतः लिंगायत. रोज पूजा करून, कपाळाला भस्म लावून आयसीयूत जायचा.

मी डबी अण्णांच्या गळ्यात बांधली. काही वेळाने ते नळीच्या आडून पुटपुटले, “विश्या, पेज मिळंल का?” दुसऱ्या दिवशी नळी निघाली. अण्णा म्हणाले, “घरी चल. हितं मला मशिनी ओळखतेत, माणसं न्हाई.”

त्या क्षणी मी ठरवलं, दाजींना सोडायचं नाही.

परभणीत पॅलिएटिव्ह केअरच्या एक डॉक्टरबाई भेटल्या. आजार बरा होणार नसेल तेव्हा दुखणं, धाप, मळमळ, भीती यांच्यावर जे उपचार करतात, ते पॅलिएटिव्ह केअर. अगदी शेवटच्या काळातल्या अशा सेवेला हॉस्पिस म्हणतात. काही गावांत त्यासाठी वेगळी इमारत असते. आमच्याकडे ती रस्त्याकडच्या खिडकीखालची एक कॉट होती. आठवड्यातून एकदा एक नर्स यायच्या आणि बाई फोनवर असायच्या. बाईंचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: “आता आपण काही करत नाही, असं समजू नका. आता खूप करायचंय.”

मॉर्फिन म्हटल्यावर मी दचकलो. अफूच्या घराण्यातलं औषध ते. बाई म्हणाल्या, “ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या वेळी द्या. दुखायची वाट बघू नका. याने मरण लवकर येत नाही. पण पोट साफ व्हायचं औषध सोबत द्यायचंच, नाहीतर ते शिव्या देतील आणि त्या मला बसतील.” त्या दिवशी अण्णा कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. उठल्यावर धपाटं मागितलं, दोन घास खाल्ले आणि दुकानात गिऱ्हाईक आहे का, म्हणून चौकशी केली.

इकडे दाजींनी परभणीभर दवंडी पिटली की धाकट्याने थोरल्याला घरी आणून टाकलं. मग लोक यायला लागले. कोण पपईच्या पाल्याचा रस घेऊन, कोण कुठल्यातरी वैद्याचा पत्ता घेऊन. जाताना वहिनींना हमखास म्हणायचे, “आणखी एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवायचं होतं.” वहिनी दाराआड रडायच्या.

मी बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, “सांभाळणाऱ्यांनाही विश्रांती लागते. जो येईल त्याला काम द्या.”

बाईंना कल्पना नव्हती, त्यांनी माझ्या हातात काय दिलं ते.

मी घरात जाहीर केलं: जो सल्ला देईल, त्याने तो दिवस अण्णांपाशी काढायचा. कूस बदलायची, पाठ पुसायची, डायपर बदलायचा. पाल्याचा रस आणणारे मामा हातमोजे बघताच म्हणाले, “माजी सोनपेठची यष्टी चुकंल.” त्या वेळी सोनपेठला यष्टीच नव्हती. अण्णा इतके हसले की उशी सरकली.

आणि मग एका रविवारी दाजी आले. उंबऱ्यातूनच भोंगा. “ॲम्ब्युलन्स सांगू का? बोल, आत्ता सांगतो!”

“सांगा की दाजी,” मी गोड आवाजात म्हणालो, “पण आधी जरा अण्णांची कूस बदला.”

अण्णांनी मला डोळा मारला. तो उरलेला दिवस म्हणजे नाटकाचा खास प्रयोग होता. “दाजी, पाठ खाजवायलीय. वर. खाली. डावीकडं. आणखी डावीकडं. आता जिथून निघाला तिथंच खाजवायलीय बघा.” दाजींचा सदरा घामाने चिकटला. डायपर त्यांनी उलटा लावला, आणि व्हायचं ते झालं. अण्णा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “हार्डवेअरवाले ना तुमी? आन् गळती थांबवता येईना?”

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर टॉवेल धरून हसलो. असा आनंद मला दिवाळीच्या विक्रीतसुद्धा झालेला नाही.

माझा अंदाज होता, पुन्हा फिरकायचे नाहीत. ते पुढच्या रविवारी आले. मग आठवड्यात मधेच एकदा. मग दुकान मुलावर सोडून मुक्कामालाच. मला राग यायचा. शिक्षा म्हणून दिलेलं काम माणूस असं आवडीने कसा करतो? डायपर सरळ बसायला लागला. अण्णांचा हात थरथरायचा, म्हणून सकाळच्या पूजेला दाजी त्यांच्या तळहाताखाली आपला तळहात धरायचे. भस्म, बेलाचं पान आणि दोन हातांवर एक लिंग.

एकदा तसाच हात धरून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्यांचं बोट गळ्याकडं जातंय, हे दिसत हुतं मला. पण त्या मशिनी वाजायल्या की मी लय भ्यायचो, विश्वनाथ. भ्यालो की मी वरडतो.”

मला इतक्यात माफ करायचं नव्हतं.

हळूहळू अण्णांचं खाणं थांबलं, मग पिणं. बाईंनी सांगितलं होतं, “शरीर आवरतं घेतंय. जबरदस्ती भरवू नका. तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागेल. ओठ ओले ठेवा.” आणि अण्णांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं, पुन्हा मशिनीखाली जायचं नाही. दाजी त्या वेळी खाली मान घालून बसले होते. हो म्हणाले नव्हते.

त्या दुपारी मी दुकानात होतो. दाजींचा फोन आला. “ये.” एवढंच.

मी चप्पल न घालता निघालो. बाजारातून पळताना कान फक्त सायरनकडे होते. दाजी घाबरले असणार. घाबरले की ओरडतात. त्यांचं ओरडणं म्हणजे ॲम्ब्युलन्स. मी मनात शिव्या तयार केल्या, जोडून, रचून, इतक्या वर्षांच्या.

दारात ॲम्ब्युलन्स नव्हती.

अण्णा कुशीवर होते, डोकं उशीने उचललेलं, नर्सनी दाखवलं होतं तसंच. वहिनी पायाशी बसल्या होत्या. घशातून घरघर येत होती आणि फोनच्या स्पीकरवर बाई सांगत होत्या, “ती घशात साठलेली लाळ आहे. ऐकणाऱ्याला त्रास होतो, त्यांना होत नाही. तुम्ही बरोबर करताय.” मधेच अक्काचे फोन येत होते, ती रडून रडून ॲम्ब्युलन्स बोलवा म्हणत असणार. दाजी ते कापत होते. एका हाताने तीर्थात भिजवलेला कापूस अण्णांच्या ओठांना लावत होते. दुसरा हात अण्णांच्या तळहाताखाली होता. वर लिंग.

मी धापा टाकत “अण्णा!” म्हणून ओरडलो.

“हळू,” दाजी कुजबुजले. “आवाज करू नको.”

दाजी. मला.

श्वासांमधलं अंतर वाढत गेलं आणि एका श्वासानंतर पुढचा आलाच नाही. दाजींनी हात बराच वेळ काढला नाही. संध्याकाळी अण्णांना फुलांनी सजवून बसवलं, आमच्या रीतीप्रमाणे. आमच्यात दहन नसतं, बसवूनच समाधी देतात; लिंग त्यांच्याबरोबरच मातीत गेलं.

बाईंचे, नर्सताईंचे आभार मानायला शब्द तोकडे पडतात. दाजींचे मी मानलेले नाहीत. त्याऐवजी कुणाच्या घरी असा आजार आला की मी त्यांना दाजींचा पत्ता देतो. लोक आता भर दुकानात, खिळे आणि नळाच्या तोट्यांमध्ये उभे राहून, डायपर कसा लावायचा ते विचारतात. दाजींना दुपारचं जेवण वेळेवर मिळत नाही. सूड सुरूच आहे.

परवा मी तिथेच होतो. एक पोरसवदा माणूस घाईत आला, वडिलांना आयसीयूत नेलंय म्हणाला. दाजींनी हातातलं माप टाकून दिलं.

“आधी आत जा,” ते म्हणाले, “आन् त्यांचं बोट कुठं जायलंय, तेवढं बघ.”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोट्या मोजत बसलो.