चार पट्ट्या, दोन पट्ट्या

पायलटांच्या पगारवाढीसाठी कंपनीशी बोलणी चालू आहेत आणि त्या समितीत मीही आहे, असं मी एकदा गुलमंडीजवळच्या माझ्या न्हाव्याला सांगितलं. त्याचा वस्तरा हवेतच थांबला. "साब, तुमकू भी कम पडता क्या?" त्यानं विचारलं. मला राग लवकर येतो, पण गळ्याशी वस्तरा असला की माणूस समजूतदार होतो. शिवाय त्याचं फारसं चुकतही नव्हतं. कॅप्टनला खरंच कमी पडत नव्हतं. कमी पडत होतं ते शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला. पण गणवेश दोघांचा सारखाच असतो, खांद्यावरच्या पट्ट्या मोजत कोण बसतं?

कॅप्टनला चार पट्ट्या, को-पायलटला तीन, आणि नव्या को-पायलटला दोन. आमचा पगार उड्डाणाच्या तासांवर ठरायचा. विमान उडो न उडो, महिन्याला ठरावीक तासांचे पैसे मिळतील अशी हमी असायची. कोरोनात विमानं जमिनीवर आली आणि कंपनीनं सगळ्यांचीच हमी काढून घेतली. पुढं प्रवासी परतले, तसे कॅप्टनांचे तास भरू लागले, कारण कॅप्टन कमी होते. दोन पट्ट्यांची पोरं मात्र ढीगभर. ती घरी बसून फोनकडं बघत राहिली. महिन्यातून चार-सहा वेळा बोलावणं यायचं, तेवढ्याचेच पैसे.

बोलणी आमच्या संभाजीनगरात व्हायची. मुंबईत भेटलं की तासाभरात सगळीकडं बातमी फुटते, म्हणून कंपनीनंच हे गाव निवडलं होतं. सगळ्यांनी सकाळच्या विमानानं यायचं, जालना रोडवरच्या हॉटेलात बसायचं आणि संध्याकाळच्या विमानानं परत जायचं. आमच्या बाजूनं आम्ही तीन कॅप्टन आणि एक को-पायलट. दुपारी हॉटेलचं जेवण सोडून आम्ही चौघं माझ्या घरी यायचो. बायको येसराची आमटी आणि भाकरी करायची. दिल्लीचा एक कॅप्टन ती आमटी वाटीनं प्यायचा आणि तिखटानं डोळे पुसत पुन्हा वाटी पुढं करायचा. बायको मला म्हणायची, तुमची पगारवाढ लांबू द्या, मला माणसं जेवताना बघायला आवडतंय. ते तीन महिने मला फार आठवतात. आता घर शांत असतं, आणि तिखट खाऊ नका असं डॉक्टरांनी मलाच सांगितलंय.

समितीतली ती को-पायलट बिडकीनची होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची, खांद्यावर दोनच पट्ट्या. तिच्या घरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, आणि त्याचा आलेला मोबदला वडिलांनी तिच्या लायसनला लावला. चुलत्यांनी त्याच पैशात गाड्या घेतल्या, बंगले बांधले, आणि तिच्या बापाला वेड्यात काढलं. एकदा तिला घ्यायला ते आमच्या घरी आले, सोबत मोसंबीची गोणी. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि उठता उठता मला म्हणाले, "साहेब, जमीन गेली त्याचं काय नाय. पण पोरगी लायसन घेऊन घरी बसती, ते लई बघवत नाय." मी त्यांना म्हटलं, काळजी करू नका, मी आहे. हे म्हणायला मला अर्धा मिनिटही लागलं नाही.

शेवटची म्हणून ठरलेल्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी कंपनीच्या मोठ्या साहेबांचा मला फोन आला. कॅप्टनांना घसघशीत वाढ आणि तासांची हमी लगेच देतो, को-पायलटांचं पुढच्या वर्षी बघू, असं ते म्हणाले. पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, हे नोकरी केलेल्या कुणालाही कळतं. मलाही कळलं. पण माझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. शेवटच्या पगारावर माझे पुढचे पैसे ठरणार होते, आणि मुलगा पुण्यात घर बघत होता. मी गच्चीवर दोन फेऱ्या मारल्या आणि हो म्हणालो. त्या रात्री मला झोपही नीट लागली, याची आज जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात कागद माझ्यासमोर आला. साहेबांनी तो वाचून दाखवला. बाकीचे दोघं कॅप्टन माझ्याकडं बघत होते, मी सही केली की तेही करणार. मी पेन काढलं.

तेवढ्यात ती शेजारून म्हणाली, "कॅप्टन, चेक को-पायलट्स."

आवाज शांत होता, कॉकपिटमधला. विमान उतरताना वेग कमी पडला किंवा दिशा चुकली तर शेजारच्यानं याच आवाजात 'चेक स्पीड', 'चेक हेडिंग' असं सांगायचं असतं, आणि कॅप्टननं उत्तर द्यायचंच असतं. मी उत्तर दिलं नाही. कागदावर नजर ठेवून बसलो. तिनं थोडं थांबून पुन्हा तेच शब्द म्हटले. मी तरी गप्पच.

दोनदा सांगूनही कॅप्टन बोलला नाही, तर तो भानावर नाही असं धरून को-पायलटनं विमान हातात घ्यावं, असा आमच्याकडचा नियम आहे. मी स्वतः शेकडो पोरांना तो शिकवला होता. तिनं हात पुढं केला, कागद स्वतःकडं ओढला आणि म्हणाली, "आय हॅव कंट्रोल."

तीस वर्षांची सवय. मी दोन्ही हात टेबलावरून उचलले आणि तोंडातून आलं, "यू हॅव कंट्रोल."

कंपनीच्या लोकांना काय झालं ते कळलंच नाही. दोघं कॅप्टन मात्र एकमेकांकडं बघून खुर्चीत मागं टेकले. मग ती बोलत राहिली. दोन पट्ट्यांच्या माणसाला महिन्याला किती तास मिळतात, लायसन चालू ठेवायला त्याला किती खर्च येतो, आणि आज तो टिकला नाही तर पाच वर्षांनी कंपनी कॅप्टन कुठून आणणार. साहेब माझ्याकडं बघत होते, मी पाण्याच्या बाटलीकडं. त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. आणखी दोन बैठका लागल्या. शेवटी कॅप्टनांची वाढ बरीच खाली आली, आणि तासांची हमी सगळ्यांना एकाच महिन्यापासून मिळाली.

काही कॅप्टनांनी माझ्याशी बोलणं टाकलं. बाकीच्यांनी मला डोक्यावर घेतलं. स्वतःच्या पदरचं सोडून धाकट्यांना देणारा माणूस, अशी माझी ख्याती झाली. निरोपाच्या समारंभात तेच भाषण झालं, शाल मिळाली. मी मान खाली घालून बसलो, तर लोकांना तो विनय वाटला.

शेवटचं उड्डाण मी मुंबईहून इथलंच मागून घेतलं, आणि को-पायलट म्हणून तिला मागितलं. तिच्या खांद्यावर तेव्हा तीन पट्ट्या होत्या. चिकलठाण्याला उतरलो, इंजिनं बंद झाली, प्रवासी उतरू लागले. तपासणीची सगळी यादी वाचून संपल्यावर मी तिला म्हटलं, एक सांगायचं राहिलंय. त्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी कंपनीला हो म्हणून बसलो होतो.

तिनं हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवले.

"माहीत होतं, सर. त्या सकाळी हॉटेलच्या लिफ्टमध्ये साहेबांनीच सांगितलं, तुमचे कॅप्टन तयार आहेत म्हणून."

मग तू ते सगळ्यांसमोर सांगितलं का नाहीस, मी विचारलं.

"तुम्हाला दोन संधी दिल्या ना, सर," ती म्हणाली. "आपली प्रोसिजरच आहे तशी."

मी सीटचा पट्टा सोडला. दोन्ही वेळा मी गप्प बसलो होतो.