ओहोटी नसलेलं पाणी

माझ्या आतोबांनी जन्मात एकही काम खाडीला विचारल्याशिवाय केलं नाही. काल्हेरला त्यांचं मिठागर होतं. मनगटावर घड्याळही होतं, पण ते लग्नकार्यात मिरवण्यापुरतं. वेळ विचारली की उत्तर मिळायचं, "भरती अर्ध्यावर हाय." शुभकार्य चढत्या पाण्यावर करायचं आणि जे घालवायचं ते उतरत्या पाण्यावर, हा त्यांचा कायदा. एकदा भिवंडीत दातांच्या डॉक्टरसमोर आ वासून बसले आणि ऐनवेळी तोंड मिटून म्हणाले, "थांबा डॉक्टर, ओहोटी लागू दे. दात जाल न् दुखना मागं राहाल." बाहेर माणसं ताटकळली होती. डॉक्टर बिचारे चहा पिऊन आले. मी पॉवरलूमवर लागलो तेव्हा माझ्या शिफ्टची वेळ ऐकून त्यांना माझी काळजीच वाटली. पाण्याची वेळ रोज सरकते आणि गिरणीचा भोंगा मात्र हलत नाही, असल्या धंद्यात बरकत कशी यायची, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही हसायचो. आत्या हसायची नाही. चीनच्या लढाईत त्यांचा एकुलता एक मुलगा लडाखातल्या एका तळ्याकाठी गेला, त्याचं शरीरही मिळालं नाही. तेव्हापासून आत्या हसणंच विसरली होती. जाताना ती शेवटचं एवढंच बोलली, "माजी राख पोराजवल सोरा." अस्थी जमिनीवर ठेवत नाहीत, म्हणून मडकं अंगणातल्या झाडाला टांगलेलं राहिलं. आतोबा येता-जाता त्याच्याकडे बघत आणि जेवण अर्धं टाकून उठत.

मग ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा ट्रक लष्करासाठी ताडपत्र्या घेऊन लेहला निघाला. मडकं केबिनमध्ये टांगलं, त्याखाली आतोबा बसले आणि सोबतीला मी. वाटेत लागेल त्या नदीवर त्यांचा एकच प्रश्न, "भरती कवा?" सरदारजी ड्रायव्हर आधी समजावत होता, "चाचा, नदी है ये." पुढे तोही कंटाळून काहीतरी वेळ सांगू लागला. काश्मीर मागे पडलं तसं झाड दिसेना, पाखरू दिसेना. नुसते बोडके डोंगर. आतोबांना धाप लागली, बोलणं आटलं. इतक्या उजाड जागी आपलं पोर मेलं, हे त्यांना डोळ्यांनी बघावं लागत होतं. मला उगाच आलो असं वाटायला लागलं.

लेहमध्ये एका म्हाताऱ्या सुभेदाराने साहेबांकडे शब्द टाकला आणि लष्कराच्या गाडीतून आम्हाला तळ्यावर नेलं. निळंशार, थंडगार, मुकं पाणी. आतोबांनी ओंजळभर तोंडात घेतलं आणि कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला. "खारा हाय! म्हंजे खारीच हाय ही. ओहोटी लागली का सोरू. भरतीला सोरली तर राख मागारी येते." आमच्या बोलीत खारी म्हणजे खाडी. काठाला पाण्यात काठी रोवली, मडकं मांडीवर घेतलं आणि बसले. ऊन डोक्यावर आलं, कललं. वारा अंग कापत होता. काठीवरची ओल होती तिथेच होती.

शेवटी सुभेदार त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "चाचा, ये पानी उतरता नहीं. यहाँ से बाहर जाने का रास्ता ही नहीं इसका."

"समिंदराला जात न्हाय?"

"कहीं नहीं जाता."

आतोबा माझा हात घट्ट धरून म्हणाले, "मंग पोर कुठं जाल? इथंच आसल." आणि गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी मडकं रितं केलं. एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडला. मीही रडलो.

दोन पावसाळ्यांनंतर ते गेले. त्यांना तळ्यावर आत्याजवळ नेणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. रीतीप्रमाणे मी ओहोटीची वेळ धरून काल्हेरच्या खाडीत उतरलो. पाण्याला ओढ होती. त्यांची राख बघता बघता समुद्राकडे निघून गेली आणि मी तिला थांबवू शकलो नाही.