पाटलाच्या नावानं

आमच्या गावात होळ्या दोन. वरच्या आळीला आमची, ओढ्यापलीकडं त्यांची. पेटल्या की दोन्हीकडची माणसं तोंडावर पालथा हात मारत एकमेकांच्या नावानं बोंब ठोकतात. आम्ही ओरडायचो, 'दरोडेखोरांच्या नावानं!' पलीकडून यायचं, 'फितूर पाटलाच्या नावानं!' फितूर पाटील म्हणजे माझे आजोबा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गावांत असं असतं.

भांडण इंग्रजांच्या काळातलं. आजोबा पोलीस पाटील, म्हणजे गावातला सरकारचा माणूस. साताऱ्याच्या त्या भागात तेव्हा भूमिगतांच्या टोळ्या फिरायच्या. सरकारी खजिना लुटायच्या, आणि सरकारला बातमी पोचवणारा सापडला की त्याचे तळवे फोडून काढायच्या. पलीकडच्या आळीतला एक जवान त्यांना सामील झाला. तो घरी जेवायला आलाय, ही खबर आजोबांनी ठाण्याला दिली. पोलीस आले, ओढ्यात चकमक झाली, आणि गोळीनं त्या जवानाची दोन बोटं गेली. त्याचा बदला म्हणून टोळीनं आजोबांना उसाच्या फडातून उचललं. त्यानंतर मरेपर्यंत आजोबा पायांच्या कडांवर चालले. आमच्या घरात सांगतात, पाटलानं खबर दिली नसती तर सगळ्या गावावर दंड बसला असता. त्यांच्या घरात काय सांगतात, ते मला कधी कुणी सांगितलं नाही.

आणि इथं बहारीनला, अरादमध्ये, मला शेजार मिळाला तो नेमका दोन बोटं गेलेल्या त्या जवानाच्या नातवाचा! तो एका कंपनीची गाडी चालवतो, मी सीफ भागातल्या एका मॉलच्या एसीचं काम बघतो. बोलता बोलता गाव निघालं, मग आळी निघाली, मग आजोबा निघाले. तोच म्हणाला, "चहा घेणार का, फितूर?" मी म्हणालो, "दरोडेखोर पाजणार असला तर घेतो." तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच. माझी बायको बाळंत झाली तेव्हा डबा त्याच्या घरून यायचा. या परमुलखात भाऊ म्हणावा असा मला तो एकच आहे.

यंदा ऐन होळीच्या तोंडावर माझे वडील व्हिजिट व्हिसावर आले. शेजारी कोण राहतं हे मी फोनवरच सांगून टाकलं होतं.  ते एवढंच म्हणाले, "बघू."

त्या 'बघू'नं माझी झोप उडवली. वडील तोंडाचे फटकळ, आणि उभ्या जन्मात त्यांनी ओढ्यापलीकडच्या होळीचा धूरही अंगावर घेतलेला नाही. त्यांच्या तोंडून एखादा शब्द वेडावाकडा गेला, तर ते गावी निघून जाणार, आणि भिंतीपलीकडचा माझा भाऊ मात्र मला कायमचा दुरावणार.

आल्यावर त्यांनी भांडण काही काढलं नाही. शेजाऱ्याला ते 'पाव्हणं' म्हणायचे, आणि ज्याला लांब ठेवायचं त्यालाच ते पाव्हणं म्हणतात. शुक्रवारी त्यानं हौसेनं त्यांना अरादचा किल्ला दाखवायला नेलं. मीही गेलो, मधे पडायची वेळ आलीच तर असावं म्हणून.

"कुणाचा म्हनायचा ह्यो?" वडिलांनी विचारलं.

"कुणी म्हणतंय पोर्तुगीजांचा, कुणी म्हणतंय ओमानी लोकांचा, काका. लई मारामाऱ्या झाल्या म्हणं ह्याच्यापायी."

"म्हंजे हितल्या बी गावांत दोन आळ्या असतील."

शेजारी मोकळेपणानं हसला. वडील हसले नाहीत.

होळी शेजाऱ्याच्या अंगणात. गोवऱ्या कुठून आणणार? बार्बेक्यूच्या ड्रममध्ये खजुराच्या वाळक्या झावळ्या आणि कोळसे. वर राहणाऱ्या घरमालकानं परवानगी दिली होती, पण धूर बेतानं आणि आवाज त्याहून बेतानं. पोरं भुकेनं कावली होती, म्हणून नैवेद्य काढून ठेवून आधीच पंगत उरकली. गावी असं केलं असतं तर लोकांनी फाडून खाल्लं असतं. वडील मुकाट्यानं जेवले. कटाची आमटी मात्र दोनदा मागून घेतली, तेवढ्यावर मी आशा धरून होतो.

झावळ्या पेटल्या. "काका, मान तुमचा," म्हणत शेजाऱ्यानं नैवेद्याची पोळी वडिलांच्या हातात दिली. त्यांनी ती विस्तवात सोडली, हात जोडले. तेवढ्यात शेजाऱ्याची धाकटी लेक पुढं आली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत.

"आजोबा, नाऊ वुई शाउट, ना? हूज नेम?"

तिच्या बापानं घाईघाईनं सांगितलं, "कुणाचंच नाही गं. नुसतंच ओरडायचं."

"नुसतंच कसं?" वडील म्हणाले. "नाव लागतंय."

 वडील खुर्चीतून उठले, पोरीजवळ गेले.

"तुमच्या होळीवर काय वरडत्यात, ठावं हाय का? पाटलाच्या नावानं. वरड!"

"काका, नको," शेजारी म्हणाला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"गप रं! जल्मभर ओढ्याच्या अल्याडनं ऐकलंय. एकदा जवळनं ऐकू दे."

पोरीला 'फितूर' हा शब्द कुणी शिकवलेलाच नव्हता. तिनं तोंडावर हात मारत बेंबीच्या देठापासून बोंब ठोकली, "पाटील आजोबांच्या नावानं!" वरच्या गॅलरीत घरमालक धावत आला. "खैर?" सगळं ठीक ना, असं त्यानं विचारलं. "मफी, मफी, खलास!" काही नाही, संपलं, असं शेजारी खालून ओरडला आणि हसत सुटला. वडीलही हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला.

शेजारी डोळे पुसत म्हणाला, "आता तुमची पाळी, काका. आमच्या नावानं मारा. दरोडेखोर म्हणा, सोडू नका."

वडिलांनी हात तोंडाशी नेला. सत्तर वर्षं तरी त्यांनी ती बोंब ठोकली असेल.  हात तसाच राहिला, मग खाली आला.

"न्हाई जमत," ते म्हणाले. "तुज्या घरची पोळी अजून दाताखाली हाय रं, पोरा."

आणि खुर्चीत बसून त्यांनी आणखी अर्धी मागितली, वर तूप जरा जास्त घालून.