सातव्या महिन्यातली पुढची ओळ

मी भुतं मानत नाही. आमच्या घरात ती कधी मानलीच नाहीत. बौद्ध घर, बाबा कट्टर. अंगारा-धुपारा दारातूनच परत. तेव्हा पुढे जे सांगतेय ते हवं तर उकाड्यामुळे झालं म्हणा, मी भांडणार नाही. खरं तर भांडेन.

आम्ही परदेशात राहतो त्या बुकित पंजांग भागात एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्या कॉन्डोत वरच्या मजल्यावर एक अमेरिकन डॉक्टरीणबाई राहायची, नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात कामाला. तिचे वडील तिच्याकडे येऊन राहिले होते. ऐंशी पार केलेले, ताडमाड उंच, आणि इथल्या घामट हवेतही अंगात कोट. अमेरिकेतल्या एका शहराचे ते पहिले काळे मेयर. 'काळे' हा शब्द त्यांचाच; मी काही गुळमुळीत बोलायला गेले की चिडायचे. आता त्यांना विसरायला होऊ लागलं होतं. सगळं जायच्या आत सांगून टाकायचंय म्हणाले, आणि लिफ्टमधल्या ओळखीवर मी टाइप करून द्यायला राजी झाले. लॅबमधून परत आले की संध्याकाळी तासभर. कुठून बुद्धी झाली तुला, म्हणून नवरा हसायचा. माझे बाबा तालुक्याच्या गावात आपल्या लोकांतले पहिले नगराध्यक्ष, आणि त्यांचं कुणी अक्षर लिहून घेतलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी हसायचा मेला.

मेयरसाहेब सांगायचे मात्र झकास. आई लोकांचे कपडे इस्त्री करायची, त्या इस्त्रीवर हे वकील झाले. पहिली निवडणूक हरले, दुसरी हरले, तिसरी काठावर जिंकले. खुर्चीवर बसल्यावर पहिला हुकूम काय काढला, तर कचऱ्याची गाडी गोऱ्यांच्या वस्तीत जाते तितक्याच वेळा आमच्याही वस्तीत आली पाहिजे. घरी फोन यायचे, पलीकडून नुसता श्वास. हे शांतपणे म्हणायचे, "तक्रार असेल तर ऑफिसात या, दार उघडं असतं." हे सांगून स्वतःच खो खो हसायचे.

पण एका जागी गाडी अडायची. शपथविधीचा दिवस. पुढची ओळ शहरातल्या बड्या लोकांसाठी राखलेली, आणि त्यांच्यातला एकही आला नाही. मागे हॉल गच्च. आई सगळ्यात मागे. यांनी मंचावरून खूण केली, पुढे ये. तिनं मान हलवली. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत यांनी शपथ घेतली. "ती पुढे का आली नाही?" मला रोज विचारायचे, जशी काही मी तिथे होते. "माझ्यावर रागावली होती का? पोरी, एवढं कळल्याशिवाय मला तिला विसरायचं नाहीये."

त्यांच्या मुलीनं मला एकच ताकीद दिली होती. त्यांना कुणी 'उठा' म्हणायचं नाही. कॉन्डोच्या एका गार्डनं त्यांना बाकावरून उठवलं होतं, चुकून, दुसरा कुणी समजून. त्यानंतर आठवडाभर माणूस ना जेवला, ना बोलला. "पुन्हा तसं झालं, तर या वेळी ते त्यातून बाहेर येणार नाहीत," ती म्हणाली.

ऑगस्टच्या सुमाराला चिनी लोकांचा सातवा महिना लागतो. त्यांचा पितृपंधरवडाच म्हणा, फक्त महिनाभराचा, आणि मेलेले सगळे मोकळे फिरत असतात म्हणे. फुटपाथवर कागदी नोटा जाळतात, राख उडून आपल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. ब्लॉकांमधल्या मैदानात मांडव पडतो, गाण्याचे कार्यक्रम होतात. आणि पहिली ओळ रिकामी. ती त्यांची, मेलेल्यांची. तिथं कुणी बसत नाही. इथं राहणाऱ्याला हे इतकं अंगवळणी पडतं, की कुणाला सांगायचं असतं हेही सुचत नाही.

त्या दिवशी मुलीची ड्यूटी होती, म्हणून दिवेलागणीला मी साहेबांना फिरायला नेलं. गाणं ऐकून त्यांची पावलं मांडवाकडे वळली. मी पाण्याची बाटली घ्यायला वळले, तेवढ्यात हे मधल्या वाटेनं सरळ पुढे. लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांची रिकामी ओळ. मधोमध जाऊन बसले आणि कोटाचं बटण लावलं.

मागची कुजबुज एकदम थांबली. स्टेजवरची चमचमत्या ड्रेसमधली बाई गातच राहिली, पण नजर वरच्या दिव्यांवर खिळवून.

कार्यक्रमवाली आंटी माझ्याकडे आली. "युअर अंकल आह? कॅनॉट सिट देअर लाह." मी म्हटलं, माहीत आहे, पण त्यांना उठवता येणार नाही, आणि का ते सांगितलं. मला वाटलं, आता ओरडणार. ती नुसती साहेबांकडे बघत राहिली. ते डावीकडे वळून बोलत होते. थांबत होते, ऐकत होते, मान डोलावत होते. मग उजवीकडे वळून हसले. रिकाम्या खुर्चीशी माणूस असं बोलत नाही हो, भ्रमिष्ट असला तरी नाही.

"एकट्याला बसू देऊ नको," आंटी हळूच म्हणाली. "एकटा दिसला की घेऊन जातात. शेजारी जिवंत माणूस पाहिजे."

काहीतरीच काय, असं मी मनात म्हटलं. एवढी शिकलेली मी! आणि पाय काही उचलेनात. पण भर सभेत बाबांना पुढच्या ओळीतून उठवलेलं मी लहानपणी पाहिलंय. तो शब्द माझ्या तोंडून निघणार नव्हता. मग उरलं काय? गेले.

त्या ओळीत शिरले आणि उकाडा संपला. "साहेब," माझा आवाज मलाच परका वाटला, "शेजारी बसू का?"

त्यांनी डावीकडे वाकून अदबीनं म्हटलं, "जरा सरकता का? ही माझ्याबरोबर आहे." एवढ्या स्पीकरांच्या गोंगाटात मी खुर्च्या घासल्याचा आवाज ऐकला. एकीपाठोपाठ एक, ओळीच्या टोकापर्यंत. "बस," ते म्हणाले, "सरकले सगळे."

मी बसले. समोर बघत राहिले. बाजूला बघायची माझी छाती नव्हती.

"आई पुढे येऊन बसलीय," ते म्हणाले. "पण तेवढं विचारायचा धीर होत नाही बघ." मग ऐकल्यासारखं करून म्हणाले, "ती म्हणतेय, या मुलीचे हात किती गार पडलेत."

हात मी मांड्यांखाली दाबून धरले होते. बर्फासारखे झाले होते. मला रडूच फुटलं. "सांगा त्यांना," मी म्हटलं, "मी घाबरलेय."

त्यांनी सांगितलं. बराच वेळ कान देऊन बसले. बाईचं गाणं संपलं, टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

"ती म्हणते, घाबरू दे. त्या दिवशी मीही घाबरलेच होते." साहेबांचा आवाज बारीक झाला. "रागावली नव्हती. नुसती घाबरली होती ग."

मग कुणी न सांगता ते उठले, आणि मीही.