अडतीसचा कोट

गल्लीच्या तोंडाशी दोघी बहिणींचं कपडे शिवायचं दुकान होतं. थोरलीला सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठी गिऱ्हाइकंसुद्धा. धाकटी मात्र सगळ्यांची धाकटीच. कोट बेतावा तर ताईनेच, अशी ख्याती. धाकटी अकरा वर्षं काजं करायची, बटणं लावायची, फार तर दुमड घालायची.

एका सकाळी ताई जिन्यावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. हाड जुळलं, पण तीन बोटं काही मिटेनात. कात्री उचलली की टेबलावर खणकन पडायची. आता दुकानाला कुलूप लागणार, असं वाटत असतानाच धाकटीने एक दिवस कुणाला न विचारता कापड पसरलं, खडूने रेघा ओढल्या आणि एक पँट कापली. अशी बेतली, की ताई बघतच राहिली.

बघत राहिली आणि आतून जळून गेली.

महिन्याभरात गिऱ्हाइकं दारातूनच विचारायला लागली, "धाकट्या बाई आहेत का?" ताई खुर्चीत बसून हसल्यासारखं करायची. माझ्याकडून शिकली आणि आता माझ्याच डोक्यावर मिरे वाटतेय, असं तिच्या मनात यायचं. धाकटीने चहा पुढे केला तरी तिला त्यात उपकार दिसायचे. काम करताना धाकटी गुणगुणायची, तर त्या सुराचाही ताईला राग. एवढं खुशीत यायला झालंय काय हिला?

वाचनालयातले ग्रंथपाल निवृत्त होणार होते. निरोपाच्या समारंभासाठी त्यांना कोट हवा होता. मापं अजून ताईच घ्यायची, टेप डाव्या हाताने धरून. ती आकडे सांगायची, धाकटी वहीत लिहायची. ग्रंथपाल हात वर करून उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण हिच्या हाताला तुमच्यापेक्षाही सफाई आहे हो."

ताईने टेप छातीभोवती फिरवली. चाळीस भरली.

"अडतीस," ती म्हणाली.

आठवड्याने ग्रंथपालांनी कोट अंगात घातला, तर बटण काजापर्यंत पोचेना. त्यांनी पोट आत ओढलं, श्वास रोखला, आणि मग हसून म्हणाले, "सुटकेच्या आनंदाने फुगलो वाटतं!" धाकटी हसली नाही. ते गेल्यावर वही उघडून त्या आकड्याकडे बघत राहिली.

"मीच चुकीचं ऐकलं असणार, ताई. मला नाही झेपायचं हे. उद्यापासून मी आपली काजं-बटणंच करते."

ताईला नेमकं हेच हवं होतं. आता बरं वाटेल म्हणून ती वाट बघत बसली. बरं काही वाटेना. उलट नको ते आठवायला लागलं. धाकटी दुकानात आली त्या पहिल्याच महिन्यात तिने उरलेल्या तुकड्यांतून एक झबलं शिवलं होतं. त्याची बाही खांद्यावर अशी बसली होती, की ताईला स्वतःला तशी कधी जमली नव्हती. तेव्हा ताई म्हणाली होती, "ठीक आहे. पण तू काजं कर, तुझा हात बारीक कामाचा आहे." म्हणजे हे मनगटाने सुरू झालेलं नव्हतं. मनगट शाबूत होतं तेव्हापासूनचं होतं.

आणि डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू? तो तिने पंधरा दिवसांत कपाटात टाकला होता. "काही उपयोग नाही," असं सगळ्यांना सांगत सुटली होती. हात बरा झाला असता आणि तरीही धाकटीच सरस ठरली असती तर? त्यापेक्षा अधू हाताच्या आड बसणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मशीनचा आवाज थांबायची वाट पाहिली.

"तू बरोबर ऐकलंस. मीच अडतीस सांगितलं. चाळीस होते."

"का?"

"जळत होते म्हणून. आणि आजपासून नाही. तुझ्या पहिल्या झबल्यापासून."

तिने सगळं सांगितलं, चेंडूचंसुद्धा. धाकटीने मान वर न करता ऐकून घेतलं.

"अकरा वर्षं, ताई?" ती शेवटी म्हणाली. "मला वाटायचं, मीच ढ आहे."

पिशवी उचलून ती निघून गेली. दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली. कोट टेबलावर टाकून म्हणाली, "समारंभ शनिवारी आहे. उसवायला बस."

शिवण उकलली, तर आत दोन्हीकडे चांगलं दोन-दोन बोटं कापड राखलेलं.

"एवढी माया ठेवलीस?"

"तूच शिकवलंस," धाकटी म्हणाली. ताईकडे मात्र बघितलं नाही.

ताई डाव्या हाताने धागे ओढत राहिली. उजव्या हाताच्या अंगठ्याने कापड कसंबसं दाबून धरलं. शनिवारी कोट ग्रंथपालांच्या अंगावर चपखल बसला.

धाकटीचं बोलणं सरळ व्हायला बरेच महिने गेले. ताईने त्याची घाई केली नाही. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती चेंडू दाबत बसायची. बोटं पूर्ण मिटली नाहीत, पण वर्ष सरता सरता कात्री हातात टिकायला लागली. सरळ रेघेत अस्तर कापता येईल, एवढी.

जळफळाट गेला का? छे. फक्त आता ती तो तोंडाने सांगून टाकायची. परवाच एक बाई धाकटीच्या कामाचं तोंड भरून कौतुक करून गेल्या. त्यांची पाठ वळताच ताई म्हणाली, "माझ्या पोटात दुखतंय हं."

"गोळी देऊ, की खडू?" धाकटीने विचारलं.

"खडू दे," ताई म्हणाली आणि अस्तराचं कापड आपल्याकडे ओढलं.