डब्यातला तलाठी

आवाजाची वाटणी करणारा माणूस अख्ख्या सुरत शहरात एकच होऊन गेला आणि तो आमचा साडू होता. कोणाला पटो न पटो. स्पीकरचे नवीन डबे विकणारी शिकलेल्या लोकांची दुकानं शहरात पुष्कळ होती. पण जुन्या विलायती स्पीकरचं पोट फाडून त्यात स्वतःच्या हातानं वळलेली तांब्याची आतडी भरणारा माणूस आमच्या गोडादऱ्यातच राहत होता, मागच्या गल्लीत, पत्र्याच्या खोलीत. माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, तिचा हा नवरा. मी चौथी शिकलो, साडू तिसरीतच ढोरांमागे गेले, म्हणजे इयत्तेनं मी पुढे. पण या विषयात मी त्यांना गुरू मानत होतो, आणि मी सहसा कोणाला मानत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाण्यात जाड आवाज असतो, बारीक आवाज असतो. ढोल जाड, झांज बारीक. मोठ्या डब्याला दोन तोंडं असतात, खालचं परातीएवढं, वरचं वाटीएवढं. परातीला ढोल द्यायचा, वाटीला झांज. उलटं झालं तर वाटी जळते आणि परात नुसती घुरघुरते. ही वाटणी करायला डब्याच्या आत एक फळी असते, तिच्यावर तांब्याच्या तारेची वेटोळी आणि दोनचार कंडेन्सर. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. साडू तिला तलाठी म्हणत. “दोन भाऊ आहेत साडूभाऊ, थोरला आणि धाकटा. तलाठ्यानं बांध नीट घातला तर जन्मभर गोडीत राहतील. हातभर इकडचं तिकडे झालं की कोर्टकचेरी!” जुन्या डब्यातला तलाठी म्हातारा झालेला असतो, त्याचे कंडेन्सर सुकलेले असतात, असं त्यांचं म्हणणं. मग ते त्याला घरी बसवत आणि आपला नवा नेमत, जाड तारेचा, मोठ्या कंडेन्सरचा. कंपनीनं जिथे चिक्कूपणा केला तिथे यांचा हात सढळ. खास करून धाकट्याच्या बाबतीत. “धाकट्यावर सगळीकडे अन्याय होतो,” म्हणत. ते स्वतः पाच भावांत धाकटे होते.

तार वळायची कुठे, हा प्रश्न दुसऱ्या कोणाला पडला असता. साडू कतारगामच्या एका खात्यात जॉबर होते. खातं म्हणजे लूमचा कारखाना आणि जॉबर म्हणजे लूम अडला की त्याला पुन्हा चालता करणारा. आडवं सूत जिच्यावर गुंडाळतात ती कांडी, आणि कांड्या भरायचं मशीन तर खात्यात असतंच. दुपारच्या सुट्टीत साडू त्याच मशीनवर सुताऐवजी तांब्याची तार चढवायचे. एकदा मालक अचानक आला. त्यानं कांडी उचलली, उजेडात धरली, फिरवून बघितली. “मास्तर, आ कयुं यार्न छे?” हे कुठलं सूत? साडू शांतपणे म्हणाले, “शेठ, इम्पोर्टेड.” मालकानं मान डोलावली आणि भाव विचारला.

डबे यायचे भंगारातून. अलंगला फोडलेल्या जहाजांवरचे, आफ्रिकेतून परतलेल्या गुजराती घरांतले, चांगल्या सागवानी लाकडाचे डबे लोक त्या दिवसांत फेकून देत होते, कारण प्रत्येकाला दिवे नाचणारी नवी सिस्टीम पाहिजे होती. साडू डब्याला आधी टरबुजासारखी टिचकी मारायचे, मग कान लावायचे, मग नाक लावायचे. “हा जहाजावर दारूच्या खोलीत होता,” म्हणायचे, किंवा, “हा भजनी आहे, याच्यात अगरबत्ती मुरलीय.” प्लेगच्या साली सगळा गोडादरा बायकापोरं घेऊन खानदेशात पळाला. साडूही पळाले, पण गाडीत चढताना त्यांच्या डोक्यावर कापडात गुंडाळलेला डबा होता आणि कपड्यांचं गाठोडं फलाटावर राहिलं होतं. अक्कानं महिनाभर माझ्या बायकोची लुगडी नेसली. साडू लग्नाला गेले की नवरदेवाच्या आधी मंडपातल्या स्पीकरला भेटायचे. आमच्या मेहुण्याच्या हळदीत यांनी चालू गाण्यात डबा उघडला. “याचा धाकटा उपाशी मरतोय,” म्हणाले. गाणं बंद, बाया हळदीचे हात वर करून उभ्या, आणि साडू मांडीवर डबा घेऊन पकड मागतायत. पुढच्या लग्नाच्या पत्रिकेसोबत सासऱ्यांनी वेगळा निरोप धाडला: जावईबापूंनी यावं, पकड आणू नये.

पण साडूंना खरा गर्व हाताचा नव्हता, कानाचा होता. खात्याच्या दारात पाय ठेवल्याबरोबर कोणता लूम कण्हतोय ते ओळखायचे. तपासणीला त्यांच्याकडे एकच कॅसेट होती, आमच्याकडच्या एका लग्नातली वाजंत्री, कोणीतरी मंडपातच भरलेली. खात्याला सुट्टी असली की आम्ही दहाबारा लूमवाले त्या पत्र्याच्या खोलीत दाटीनं बसायचो. साडू फळीवरची एक तार काढत, दुसरी लावत, आणि झांज अशी खणखणीत यायची की पाण्यातून वर निघाल्यासारखं वाटायचं. “वा मास्तर!” आम्ही ओरडायचो. आमच्यात सगळं ओरडूनच चालायचं, प्रेमसुद्धा. फक्त अक्का बसायची नाही. कॅसेट लागली की ती साड्यांचं गाठोडं उचलून बाहेर ओट्यावर जायची. साड्यांचे निघालेले धागे कापायचं काम ती घरी करायची. दारातून तिचा आवाज यायचा, “बंद करा ते! कानमा सुया टोचतस!”

“तुले काय समजस त्यानामा,” साडू म्हणायचे, आणि आम्ही हसायचो. पण हसणं झालं की ते दाराकडे बघायचे. सगळा गोडादरा ऐकून गेला होता. एकटी तीच घरात बसून एक गाणं पुरं ऐकत नव्हती, आणि ते त्यांना आतून खात होतं.

अशात कतारगामच्या एका हिरेवाल्या शेठनं त्यांना बोलावलं. त्याच्या वडिलांनी आफ्रिकेतून बोटीनं आणलेली डब्यांची जोडी होती, कमरेएवढी उंच. वडील वारले आणि डबेही घोगरे झाले. “मास्तर, बापुजी सांभळता एवुं करी आपो,” शेठ म्हणाला. वडील ऐकायचे तसं करून द्या. एवढा मोठा माणूस, एवढा मोठा डबा. साडूंनी जीव ओतला. आपल्या पसंतीला उतरलं तेव्हा मला म्हणाले, “साडूभाऊ, असा तलाठी पुन्हा होणे नाही.” पोचवायला मला बरोबर नेलं, कौतुकाला साक्षीदार पाहिजे म्हणून.

संध्याकाळची वेळ होती. शेठनं वडिलांच्या आवडीचं भजन लावलं. टाळ-मंजिऱ्या काय वाजल्या म्हणता! मी मांडीवर थाप मारली. इकडे शेठनं खांदे आक्रसले. आत शेठाणीनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. शेठ संकोचून म्हणाला, “मास्तर, खोटुं ना लगाडशो, पण आ तो बहु तीखुं छे. काच फूटे एवुं.” वाईट वाटून घेऊ नका, पण हे फार तिखट आहे, काच फुटेल असं.

साडू ताठ झाले. “शेठ, हिरे बघून बघून तुमचे कान कामातून गेले. माल एकदम बरोबर आहे. विचारा यांना.”

“बरोबर आहे,” मी म्हणालो. मला बरोबर लागलं ते मी बरोबरच म्हणणार.

वाद वाढला असता, पण तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, शेजारच्या कारखान्यातल्या हिरे घासायच्या घंट्या थांबल्या. शेठाणी दिवा घेऊन बाहेर आली आणि सहज म्हणाली, “लाइट जाय त्यारे तमरां केवां बोले छे!” तमरां म्हणजे रातकिडे. शेठनं मान डोलावली. साडूंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

“कुठे?” साडूंनी विचारलं.

“आ रह्यां ने, बारी नीचे.” खिडकीखालीच तर आहेत.

साडू खिडकीशी गेले, अर्धे बाहेर वाकले. मीही वाकलो. खाली कुंड्या होत्या, अंधार होता, आणि शांतता. खरं सांगतो, मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की सुरतेत रातकिडे नाहीतच. आमच्या गावाला होते, लहानपणी झोपू द्यायचे नाहीत. इथल्या डाइंगच्या पाण्यानं मेले असतील, असं मी चारचौघांत सांगितलंही होतं आणि कोणी मला खोडून काढलं नव्हतं. कारण ते चारही जण लूमवाले.

शेठ हसला नाही. हळूच विचारलं, “मास्तर, कितने साल से लूम पे हो?”

“मिशी फुटायच्या आधीपासून,” साडू म्हणाले. मग पुन्हा खिडकीबाहेर वाकून कानामागे हात धरला. शेवटी मला म्हणाले, आणि एवढं हळू बोलताना मी त्यांना प्रथमच बघितलं, “साडूभाऊ, म्हणजे गोडादऱ्यातही असतील का हो?”

लूमचा खडखडाट माणसाच्या कानातला धाकटा भाऊ, म्हणजे बारीक आवाज, आधी मारतो, थोरल्याला हात लावत नाही. म्हणून साडूंना लूमचं कण्हणं ऐकू यायचं आणि रातकिडा नाही. म्हणून धाकट्यावर सगळीकडे अन्याय झालेला दिसायचा आणि ते प्रत्येक डब्यात त्याचा हिस्सा वाढवून द्यायचे. आणि आम्ही दहाबारा जण, एकाच खात्यात कान घातलेले, वा मास्तर म्हणायचो. डबे पुन्हा रिक्षात कसेबसे कोंबून परतताना मी त्यांना ठणकावून सांगितलं, “शेठचं काय मनाला लावून घेता? कान आपले, डबा आपला!” लिंबायतच्या फाटकाशी रिक्षा थांबली तेव्हा साडू डब्यावरून हात फिरवत एवढंच म्हणाले, “मग मी ‘बरोबर आहे का’ कोणाला विचारू?”

मला वाटलं आता हा माणूस पकड विकणार. घरी आलो, त्यांनी डबे मांडले, झाकण उघडलं आणि अक्का गाठोडं उचलून ओट्याकडे निघाली, तर हे दारात आडवे. “आठे बस,” म्हणाले. इथे बस. “तुले काय ऐकू येस ते सांग. मले समजत नही.”

अक्कानं माझ्याकडे बघितलं. “आज दिन कोनीकडे निंघना, भाऊ?” आज सूर्य कुठे उगवला? पण बसली. कात्री चालू ठेवून बसली.

वाजंत्री लागली. “कमी करा,” अक्का म्हणाली. साडूंनी वाटीच्या वाटेत एक रेझिस्टर घातला, म्हणजे धाकट्याचा थोडा हिस्सा कापला. “आजून कमी.” आणखी एक घातला. झांज मागे सरकली. “आजून.” मला राहवेना. मी म्हणालो, “अक्का, खून करशील त्या बिचाऱ्याचा!” “तुम्ही गप बसा भाऊ,” ती म्हणाली. साडू मुकाट कथलाचे डाग देत होते. एकेक डाग दिला की आमच्यासाठी गाण्यावर एकेक गोधडी पडत होती. शेवटी मला नुसता ढोल ऐकू येत होता आणि सनई भिंतीपलीकडे वाजत असावी तशी. साडूंनाही तेवढंच ऐकू येत असणार. त्यांच्या कपाळावर घाम होता.

अक्काची कात्री थांबली. मांडीवरची साडी तशीच राहिली. गाणं संपलं, तरी ती हलेना.

“काय व्हयनं?” साडूंनी घाबरून विचारलं.

“परत लावा,” अक्का म्हणाली. दुसऱ्यांदा ऐकून मग सांगितलं, “मांगे कोनी तरी बाई हाशी ऱ्हायनी.” मागे कोणी बाई हसतेय. ढोल थांबतो आणि सनई उचलते, त्याच्या मधल्या फटीत. ती कॅसेट साडूंनी किती वर्षं वाजवली असेल, पण मंडपातली ती बाई आमच्यापैकी कोणाला भेटलीच नव्हती. साडूंनी कॅसेट मागे घेतली, डब्याला कान चिकटवला. पुन्हा मागे घेतली. मग मला विचारलं, “तुम्हाला?” मी मान हलवली. नाही.

शेठला ती जोडी फार आवडली. भजन अर्धं होईपर्यंत तो चष्मा पुसत होता. साडू हात जोडून उभे होते आणि त्यांना त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं. त्यानंतर कतारगामहून, वराछ्याहून लोक यायला लागले, पण अक्कानं मान डोलावल्याशिवाय एकही डबा घराबाहेर गेला नाही. खात्यात पोरं चिडवायची, “मास्तर, आता जॉबर कोण, तुम्ही का वहिनी?” “वहिनी,” साडू म्हणायचे आणि कांडीवर तार चढवायचे. मला विचाराल तर मी अजून हार मानलेली नाही. माझ्या घरी त्यांचा जुना तिखट डबा आहे, आमच्या कानांचा. तो लागला की आमची मंडळी शेजारी जाते. जाऊ दे.

पण सुट्टीच्या संध्याकाळी मी साडूंकडे जायचोच. गाणं लागलं की माणसं डब्याकडे तोंड करून बसतात. साडूंनी आपला पाट फिरवून घेतला होता, डब्याकडे पाठ आणि अक्काकडे तोंड. ती धागे कापत असायची, हे तिच्या चेहऱ्याकडे बघत असायचे. वाजंत्रीतला ढोल थांबला की हे पुढे वाकायचे.

“हासनी का?”

अक्का कात्री खाली ठेवायची. “हासनी.”

मग साडू डोळे मिटून घ्यायचे.